बाद संघाशी शेवटची मॅच

ता. ३
चि. छोटीस, अनेक आशीर्वाद वि. वि.

तुमचा हॉकी संघ स्पर्धेतून बाद झाल्याचं कळलं. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, हायसंही वाटलं. आमची शेवटची मॅच तुमच्याशीच आहे. ती जिंकली तर आम्ही उपांत्य फेरीत आणि माझी प्रशिक्षकाची खुर्ची शाबूत. नाहीतर क्लबच्या अध्यक्षांनी दुसरा माणूस हेरूनच ठेवलाय. ते म्हणतात, बाद संघाशी मॅच म्हणजे नुसता उपचार. विजयी संघाचा फोटो ते आदल्या दुपारीच काढून घेणार आहेत, कारण मॅचनंतर मुली घामाघूम दिसतात. मीही मुलींना बजावलंय, उगाच धावू नका, गुडघे पुढच्या फेरीसाठी राखा.

तूही गोलमध्ये फार उड्या मारू नकोस, पाठ सांभाळ. आई बरी आहे. लोभ आहेच, तो मॅचच्या दिवशीही असू दे.

तुझी ताई

ता. ६
ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाठीची चौकशी पोचली, तिच्यामागचा हेतूही पोचला. पण सावध करते. आम्ही बाद झाल्यापासून इथे नवलच चाललंय. व्यवस्थापक मैदानाकडे फिरकत नाहीत. सर ओरडायचं सोडून खुर्चीत पेपर वाचतात. पास चुकला तरी कुणी डोळे वटारत नाही, म्हणून पास चुकेनासे झालेत. वर्षभर बाकावर बसवलेल्या तिघींना आता खेळवणार आहेत. पुढच्या वर्षी संघात राहायचंय म्हणून त्या जिवावर उदार झाल्यात. माझाही करार संपतोय.

लहानपणी मला गोलमध्ये उभं करून तूच दम द्यायचीस, बहीण म्हणून बॉल सोडलास तर घरात घेणार नाही. तेव्हा उड्या मी मारणारच. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी छोटी

ता. ११
चि. छोटीस, आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

एका गोलने का होईना, हरलो. आमच्या मुली गुडघे राखत राहिल्या आणि तुमच्या बाकावरच्या तिघी आमच्यातून वाऱ्यासारख्या गेल्या. शेवटचा पेनल्टी कॉर्नर तू पायाने अडवलास, तेव्हा माझ्याकडून टाळी वाजली. ती नेमकी अध्यक्षांनी पाहिली. काल मला नारळ मिळाला. विजयी फोटो मात्र कचेरीत लागलाय.

फार लागलं गं मनाला. पण गंमत बघ. इतकी वर्षं त्यांच्यापुढे माझी दातखीळ बसायची. काल, आता जायचंच आहे म्हटल्यावर, सगळं तोंडावर सांगून टाकलं. आमच्या संघात घातलेल्या त्यांच्या भाचीला स्टिक धरता येत नाही, हेसुद्धा. आज त्यांचा शिपाई येऊन गेला. साहेब फेरविचार करताहेत, फक्त जरा मवाळ बोला म्हणाला.

ते आता जमेल असं वाटत नाही. तुमच्या सरांना विचारून ठेव, पेपर वाचायला शेजारी आणखी एक खुर्ची आहे का.

तुझी, आता बाद झालेली,
ताई