पाच डबे, एक वही आणि निकेतचा मोबाईल

मी, श्रीमती सत्यवती दत्तात्रेय शिगवण, वय ७२, मु. म्हसळा, जि. रायगड, गुडघ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. माझ्या नावचे राहते घर मुलगा निकेत व सून अमिषा यांना निम्मे-निम्मे. अट कलम ४ मध्ये आहे. ती वाचेपर्यंत आनंद करू नये. बँकेतील ठेव व पाटल्या मुलगी सोनल हिला.

२. घरखर्चाचे माझे पत्र्याचे पाच डबे: किराणा, मासळी, वीजबिल, लग्नकार्य, औषध. पगार आला की वाटून टाकायचा, डबा रिकामा झाला की हात आखडायचा. चार डबे अमिषाला. लग्नकार्याचा डबा जाऊबाई आवडाबाईंना. २००९ साली त्यांनी त्यातून पाचशे रुपये दोन दिवसांसाठी नेले होते. ते माफ. डबा रिकामाच द्यावा.

३. यजमान कै. दत्तात्रेय यांची पद्धत वहीची. रोज चहानंतर विचारायचे, कोथिंबीर पाचची की सहाची? एकतीस वर्षे मी हा जाच सोसला व माझे डबे कधी आटत नाहीत म्हणून त्यांना टोमणे मारले. ते गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात औषधाचा डबा आटला. मी महागाईला शिव्या दिल्या. मग वही उघडली. दर महिन्याला एक ओळ होती, 'किरकोळ, रु. २००', आणि पुढे बारीक अक्षरात 'औषध डबा'. त्या दिवशी मी जेवले नाही असे लिहिणार होते, पण मांदेलीचे कालवण होते, जेवले. मीठ मात्र कळले नाही. वही निकेतला.

४. निकेतने मोबाईलवर खर्चाचे अ‍ॅप घेतले आहे. नवरा-बायको दोघांचा खर्च दोघांना दिसतो. यंदाच्या शिमग्याला त्यात 'पार्लर ३४०' दिसले आणि त्याने पाहुण्यांसमोर हिशेब विचारला. अमिषा किहीमला माहेरी गेली ती एकोणीस दिवस. परत आली तेव्हा म्हणाली, आता घरात डबे चालतील. तो म्हणाला, अ‍ॅप. निवाडा माझ्यावर आला.

तर निवाडा असा. पद्धत कुठलीही ठेवा, पण दोघांची मिळून एकच. आणि दर महिन्याला प्रत्येकाने एक हजार रुपये बाजूला काढावेत, जे कुठेही लिहायचे नाहीत. हे मी दोघांना समोर बसवून वाचून दाखवले.

निकेत म्हणाला, "पण आई, ते पैसे गेले कुठे, हे कळायला नको?"

मी म्हटले, "तेवढे एकदा विचारलेस की घर सोनलचे."

अमिषा पदराआड हसली. निकेतने मोबाईल खिशात ठेवला. तेच कलम कायम.

हा कागद मी स्वतः वाचून, समजून त्यावर सही केली आहे.

सही: सत्यवती द. शिगवण

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. रघू भागोजी काते, शेजारी
२. क्रांती विनेश पवार, अंगणवाडी सेविका

स्थळ: म्हसळा
दिनांक: ९ जून २०२५