फळ्यावरची तोंडं

बुधवार, दिवेलागणीची वेळ. मी सांगते, नात मीनल लिहिते.

आज मन थाऱ्यावर नाही. मीनल घरून काम करते, तेव्हा लॅपटॉपवर तिच्या टीमचा फळा उघडा असतो. त्यावर कामाच्या चिठ्ठ्या, आणि ज्याचं काम त्याचा टिकलीएवढा फोटो. मला अक्षरं येत नाहीत, म्हणून मी तोंडं बघते. सोमवारी मीनलची नऊ तोंडं होती, काल पाच, आज दुपारी दोन. बाकी चिठ्ठ्यांवर एक नवा चष्मेवाला. टिकलीएवढाच, पण हसतो केवढा!

विचारलं, "हा कोण गं, तुझ्या जागी बसलाय?"

"अगं आजी, मीच शिकवतेय त्याला. सर म्हणाले, तुझा भार जरा हलका करू."

भार हलका! धाकटी जाऊ आली तेव्हा माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या. आधी भाजी गेली, मग दूध, मग कोठीची किल्ली. पण मला घरातून कोण काढणार होतं? हिला काढतील.

ही शहाणी चिठ्ठ्या वाचते, तोंडं कुठे बघते?

मीनल, थांबलीस का? लॅपटॉप कशाला ओढतेस? बरं, बघ. असेल ते खरं लिही.

आजी, माझं एकही नाही.