पाचव्या दिवशीची गोळी

रांजणगाव शेणपुंजी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

अक्का,

नमस्कार. साष्टांग वगैरे लिहिणार नाही. माझा घोटा आता बरा आहे, जिना चढता येतो. इकडं थंडी पडायला लागली. तुमच्याकडं तूर फुलावर आली असेल. दाजींचा गुडघा कसा आहे? हे मी विचारते आहे, कारण पत्राची सुरुवात अशीच करायची असते. खरं सांगायचं तर तुझ्या घरातलं काहीही मला जाणून घ्यायचं नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तू रडतेस. तू रडलीस की मीच तुझी समजूत काढत बसते. पत्रात ते होणार नाही.

सहा ऑक्टोबरला माझ्या हातून एक क्रेट चुकीचं पास झालं. दोनशे चाळीस बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, सगळ्यांची भोकं मोठी पडलेली. लाल ट्रेमध्ये ठेवलेला नापास माल मीच उचलला आणि त्यावर मीच हिरवं स्टिकर लावलं. अठरा वर्षं गेज रूममध्ये मोजमापाचं काम करते, असं कधी झालं नव्हतं. माल गिऱ्हाइकाकडून परत आला आणि वाघचौरे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शालूबाई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे साहेब."

"तुमच्या बहिणीचा फोन आला होता."

तू काय बोललीस ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. त्या बायकांच्या गोळ्यांनी त्याचं डोकं गेलंय साहेब, जोखमीचं काम देऊ नका त्याला. साहेब वाईट माणूस नाहीत. सांगताना ते खाली बघत होते. "घरचंच माणूस असं म्हणतंय म्हटल्यावर मी वर काय सांगू? गोळ्या बंद केल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा, नाहीतर दहा नोव्हेंबरपासून पॅकिंगला जा."

पॅकिंग म्हणजे ठेकेदाराच्या हाताखाली दिवसभर खोकी उचलायची. तेवढी ताकद माझ्या अंगात राहिलेली नाही, हे मी कबूल करते. ती औषधांमुळंच कमी झाली. पूर्वी क्रेट एकटी उचलायची, आता दुसऱ्या बाजूला माझ्यासोबत काम करणारी नजमा लागते. तीन वर्षांपूर्वी गोळ्या सुरू केल्या तेव्हा पहिले चार-पाच महिने दुपारी डोळे मिटायचे. पाणी कमी प्यायले की गरगरायचं. मग डॉक्टरबाईंनी रक्त तपासून प्रमाण बदललं आणि हळूहळू गाडी रुळावर आली. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते. माझ्या डोक्यात लहानपणापासून सतत कालवा असायचा, रात्री वाघरीच्या जाळीत कोंडताना मेंढरं करतात तसा. तो थांबला. एक मोजमाप घेतलं की मन त्याच्यावर टिकून राहायचं. चाळिशीत पहिल्यांदा मी सकाळी उठून दिवसाची वाट बघायला लागले.

ते सगळं ऑगस्टपर्यंत.

तीन ऑगस्टला गाडीवरून पडले, घोटा मोडला आणि नजमानं मला न विचारता तुला फोन लावला. तू आलीस. आप्पा गेल्यावर सात वर्षांनी तू माझ्या दारात उभी राहिलीस, हातात पिशवी आणि खांद्यावर तुझी आशा सेविकेची औषधांची पेटी. त्या वेळी मला काय वाटलं ते आता लिहिणार नाही.

तू माझी औषधं बघितलीस. पंधरा वर्षं गावात घरोघरी गोळ्या वाटतेस, तुला कळायला वेळ लागला नाही. एका पाकिटाकडं बोट करून म्हणालीस, "ही तर आप्पांची गोळी. पायाला सूज यायची तव्हा हीच दिली व्हती. ही चांगलीये." दुसऱ्याला हात न लावता म्हणालीस, "आन् ही बायकांची." मग भाकरी थापता थापता, माझ्याकडं पाठ करून, "खच्ची केलेला मेंढा बघितलाय ना तू? नुसता खातो आन् पडून ऱ्हातो. कळपात असून नसल्यासारखा. आप्पा म्हणायचे, त्याला दुसऱ्या मेंढराची हाकसुदीक कळत नाय. तसं व्हायचंय का तुला?"

मी हसले होते. आपल्या घरात यापेक्षा जास्त ऐकून घेतलंय मी.

सप्टेंबरमध्ये प्लास्टर निघालं आणि मी कामावर जायला लागले. तू म्हणालीस, जिना चढता येईपर्यंत थांबते. सकाळचा डबा, सकाळच्या गोळ्या, सगळं तुझ्या हातून. आणि मी मात्र दिवसेंदिवस मातीची होत चालले होते. बसमध्ये बसल्या बसल्या स्टॉप निघून जायचा. अंगातून अचानक वाफा निघायच्या, मग घाम. मायक्रोमीटर हातात घ्यायचे आणि वाचलेला आकडा वहीपर्यंत जाईस्तोवर विसरायचे. नजमा एकदा म्हणाली, "क्या होरा बाजी तुमको? चौथ्यांदा तोच पीस मोजताय." मी तिच्यावर ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले आणि कशासाठी रडतेय तेही सांगता येईना.

तू हे सगळं बघत होतीस. दाजींना फोनवर सांगत होतीस, "बघा, म्या म्हणलं नव्हतं का?"

तू दिवाळीच्या आधी गेलीस. चोवीस तारखेला मी रक्त तपासायला दिलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला. म्हणाल्या, "शरीराला दोन्ही हार्मोनपैकी एक तरी लागतं, बाई. तुमच्यात पुरुषाचंही नाही आणि बाईचंही नाही. अशात कुणाचंही डोकं चालणार नाही. गोळ्या घेताय ना?"

मी म्हटलं, घेतेय.

घरी येऊन मी शोधलं. तांदळाच्या डब्यात तळाला, तुझ्या जुन्या साडीच्या चिंधीत बांधलेल्या माझ्या गोळ्या सापडल्या. तू एकही फेकली नव्हतीस. औषध वाया घालवायचं नाही, ही तुझ्या कामाची शिस्त. माझ्या डबीत तू तुझ्या पेटीतली ताकदीची पांढरी गोळी ठेवत होतीस आणि आप्पांची गोळी मात्र नेमानं देत होतीस. पुरुषाचं बंद करणारी ती आप्पांची गोळी चालू, आणि त्याच्या जागी बाईचं देणारी काढून घेतलेली. कळलं का तुला काय केलंस ते? तुला भीती वाटत होती तो मेंढा तूच तयार केलास, अडीच महिने, रोज सकाळी, तुझ्या हातानं. आणि मग साहेबांना फोन करून सांगितलंस की बघा, हा कसा झालाय.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मी डॉक्टरबाईंना सांगितलं की चिंधी सापडली त्याच दिवशी मला कळलं. ते खोटं आहे. तू आल्यावर पाचव्या दिवशीच मला कळलं होतं. मी बोटांनी मोजून पोट भरते, अक्का. माझी गोळी सहा मिलिमीटरची, कडेला धार असलेली. तू तळहातावर ठेवलीस ती जरा मोठी होती आणि कड गोल होती. न बघताही मला फरक कळला. मी वर बघितलं. आणि तू म्हणालीस, "घे शालू."

सात वर्षांत नाही, त्याच्या आधीही कधी नाही. तोवर तू मला ए म्हणायचीस, ऐक म्हणायचीस, काहीच न म्हणता ताट पुढं सरकवायचीस. त्या दिवशी तू नाव घेतलंस, मी स्वतःला दिलेलं. मी गोळी तोंडात टाकली आणि वरून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशीही घेतली. मला वाटायचं, हिला सांगितलं की ही पिशवी उचलून जाईल. चार दिवस राहू दे. चार दिवसांचे सत्तर दिवस झाले, आणि नंतर नंतर तर असं काही मला माहीत आहे हेही मला धड आठवेना.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. ते नाव तू मनानं घेतलंस, की मी गोळी घ्यावी म्हणून? तुला हे विचारायचं नाही. तू जे सांगशील त्यावर माझा विश्वास बसणार नाही.

माझ्या गोळ्या पुन्हा सुरू करून पंधरा दिवस झाले. अजून पूर्वीसारखं नाही, पण काल बसमध्ये स्टॉप चुकला नाही.

साहेबांसाठी अर्ज लिहिला आहे. गोळ्या बंद केल्याचं पत्र मी देणार नाही. डॉक्टरबाईंनी गोळ्या चालू ठेवायचं पत्र दिलंय, रिपोर्टही जोडलाय. माझ्या बहिणीनं माझी औषधं बदलली, असं तुझ्या नावानिशी लिहिलंय. तू आशा सेविका आहेस हे लिहिलेलं नाही. साहेबांनी विचारलं तर लपवणार नाही. त्यातून तुझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

त्याखाली आणखी एक ओळ आहे: गोळी बदललेली मला समजली होती आणि तरीही मी ती घेत राहिले. नजमा म्हणाली, ही ओळ खोडा, या ओळीनं तुम्ही पॅकिंगला जाल. ती म्हणते ते खरं असेल. उद्या याच वेळी मी कदाचित खोकी बांधत असेन. पण ती ओळ खोडली तर सगळा दोष एकट्या तुझ्यावर जातो, मग मला तुझी दया येईल, आणि दया आली की मी तुला परत घरात घेईन. म्हणून राहू दिली.

तुला हे पत्र मिळेल तेव्हा साहेबांनी काय ते ठरवलेलं असेल. कळवणार नाही. विचारायला येऊ नकोस.

हे तुझ्या तोंडून कधी आलं नाही आणि आता येण्याची वाटही बघत नाही, म्हणून मीच लिहिते,

तुझी धाकटी बहीण
शालू