राखेतली माती

मंगळवार, संध्याकाळ. उद्या राखेचा बुधवार.

आज राखेत माती टाकली. हात आपोआप गेला.

गेल्या वर्षी या कॅथेड्रलमध्ये कामाला लागलो, तेव्हा पहिलं काम झावळ्यांच्या रविवारी झावळीच्या पातीचे क्रूस वाटायचं. मग सुगीचा सण झाला, नाताळ झाला, सांडलेलं मेण खरवडता खरवडता वर्ष गेलं. आता लोकांनी तेच क्रूस वाळलेले परत आणले. फादर म्हणाले, "जाळ. उद्या कपाळाला लावायला राख पाहिजे."

मागच्या अंगणात पेटवलं. जाळ उठला आणि मी कुंडीतली मूठभर माती वरून टाकली. गावी भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पाला जाळून राब भाजताना टाकतोच आमी, नायतर राख उडते.

फादर बघतच राहिले. "अरे, इथे काय भात पेरायचाय?"

ते हसले. मला हसू आलं नाय.

दुपारीच गावाकडून, डोळखांबवरून दादाचा फोन होता. "राबाला येतोस का नाय? पाला तोडून माझे हात सोलले. तू पूस तिथं देवाच्या फरशा."

बघतो म्हटलं. वर्षभर बघतोच म्हणतोय. इथं पगार वेळेवर, झोपायला खोली, कोणी शिवी देत नाय. मग माती का टाकली?

माती चाळून काढली, तर राख कमी पडली. माझ्या खाटेच्या वर खोचलेला क्रूस होता, तोही जाळला. परत मातीची मूठ भरली होती, ती कुंडीत सोडली.

उद्या फादरकडे सुट्टी मागणार. किती दिवसांची विचारलं, तर अजून मलाच ठाऊक नाय.