नाव मागाहून कळवू

४ जुलै, शुक्रवार
गावची बेसबॉल टीम, स्टोकर्स, परत हरली. सलग नववी हार. आठव्या इनिंगपर्यंत पुढे होतो, मग नेहमीचंच. बाहेर सगळं यंगस्टाउन स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडवतंय, कशाच्या आनंदात ते देव जाणे.

संकल्प: आजपासून रेडिओवर ओरडायचं नाही. डॉक्टरांनी ब्लड प्रेशरचं सांगितलं म्हणून नव्हे. पंचेचाळीस वर्षं ओरडून पाहिलं, टीम ऐकत नाही, म्हणून. आता फक्त शांत डोक्याने विचार. ३१ जुलैला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. तोवर या टीमचं काय करायचं ते कुणीतरी ठरवायला हवं, आणि टीमच्या ऑफिसात बसलेल्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. त्यासाठी ही वही.

रोझली विचारते, छपराची पन्हळ कधी साफ करणार. म्हटलं, मुदत संपली की. म्हणाली, कुठल्या सालची मुदत? लग्नाला पस्तीस वर्षं झाली की बायका अशा बोलतात.

५ जुलै, शनिवार, सकाळी
रेडिओच्या स्पोर्ट्स शोला फोन लावला. पन्नास मिनिटं होल्डवर. मुद्दे लिहून ठेवले होते, अकरा. पहिला मुद्दा: फर्स्ट बेसवरच्या डेझ टिलीला देऊन टाका. छत्तीस वर्षांचा झाला. गुडघे गेले, हात मंदावले. अजून नाव आहे तोवर कुणीतरी घेईल, बदल्यात दोन तरणे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, पदरात पाडून घ्या. निवेदक म्हणाला, थँक यू लेनी, गेल्या आठवड्यातही तू हेच म्हणाला होतास. मग लाइन कट झाली. या भागात लाइनचा प्रॉब्लेम आहेच. दहा मुद्दे राहिले.

माझं नाव लेनर्ड आहे.

८ जुलै, मंगळवार
आमची मॅच. म्हणजे डॉलीच्या बारची सॉफ्टबॉल टीम. मंगळवारची लीग, आठ बार, आठ टीम्स. मी बावीस वर्षं फर्स्ट बेसवर आहे. हरलो, १४–६. दोन चेंडू माझ्या पायांमधून गेले असं चेट म्हणतो. एक गेला. दुसरा बाजूने गेला. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. ढग होते, पण ढगातलं ऊन जास्त लागतं.

चेट म्हणजे रोझलीचा भाऊ. कॅचर, आमचा कॅप्टन, आणि माणूस म्हणून चांगला, पण बेसबॉल कळत नाही. मॅचनंतर बारमध्ये टिलीवरून जुंपली. चेट म्हणाला, अरे लेका, बाकीचे सगळे ही टीम सोडून पळाले, हा एकटा अकरा वर्षं टिकला, त्याला हाकलून देतोस? म्हटलं, मायाममता रविवारी चर्चमध्ये दाखवावी. डॉली म्हणाली, दोघंही बाहेर जाऊन भांडा, मला फरशी पुसायचीय. मी डॉलीकडे एक कागद मागितला, नियम लिहिले आणि डार्ट बोर्डशेजारी टाचले.

लेनचे नियम. एक: टीम चालवताना नातंगोतं नाही. दोन: पाय गेलेला खेळाडू नाव आहे तोवर द्यावा. तीन सुचला नाही. जागा सोडली आहे.

१० जुलै, गुरुवार
संताप. टिलीचा सौदा जवळजवळ ठरला होता आणि या गृहस्थाने नाही म्हटलं! त्याला तसा हक्क आहे. लीगमध्ये दहा वर्षं, त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये, की खेळाडूच्या मर्जीशिवाय त्याला कुठे पाठवता येत नाही. दहा-पाचचा हक्क म्हणतात. आणि कारण काय? मुलगी इथल्या शाळेत आहे. शिवाय त्याला हे गाव आवडतं. गाव आवडतं! मलाही आवडतं, म्हणून मला कुणी फर्स्ट बेसवर उभं करतं का? (करतात. पण ते वेगळं.) दारात अडकलेल्या सोफ्यासारखा झालाय हा माणूस. आतही येत नाही, बाहेरही जात नाही.

बारमध्ये जाऊन तिसरा नियम लिहून आलो. दहा-पाच दाखवून अडून बसणारा खेळाडू म्हणजे टीमच्या गळ्यातली धोंड. थोडी लाज असेल तर त्याने आपणहून जावं. खाली सही केली, तारीख घातली. चेट बराच वेळ वाचत उभा होता. पटलेलं दिसलं.

१३ जुलै, रविवार
आज ड्राफ्ट. देशातली नवी पोरं टीम्समध्ये वाटून घ्यायचा दिवस. आपला नंबर चौथा: तीन टीम्सनी तीन उचलली की चौथा आपला. टेक्सासच्या शाळेतला ब्रेडन ओक्स, डावखुरा पिचर, हा आपलाच. त्याचे व्हिडिओ त्याच्या आईने पाहिले नसतील इतके मी पाहिलेत. अख्ख्या बारला सांगून ठेवलं, ओक्सला घेतलं नाही तर ही टोपी खाईन.

तिघं झाले. ओक्स शिल्लक होता. स्टोकर्सनी कुठल्याशा कॉलेजातला कॅचर घेतला, ज्याचं नाव जाहीर करणाऱ्यालाही नीट म्हणता आलं नाही. चेटने माझी टोपी बशीत ठेवली आणि वरून मस्टर्ड पिळलं.

१४ जुलै, सोमवार
शांतपणे विचार केला. कॅचर हाच बरोबर निर्णय. ओक्सचा खांदा मला पहिल्यापासून पसंत नव्हता. टोपीचा वास जात नाही.

१८ जुलै, शुक्रवार
मोठा दिवस. नीट लिहितो.

आपल्या लीगमध्ये सॅबोच्या बारचा एक पोरगा आहे, कोरी. चोवीस वर्षांचा, छपरं घालायचं काम करतो, चेंडू असा मारतो की पार्किंगमधल्या लोकांनी गाड्या हलवाव्यात. त्याचं आणि बारमालक नॉर्म सॅबोचं बिनसलंय, उशिरा येतो म्हणून. आज चर्चच्या तळघरात पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांच्या, रांगेत नॉर्म माझ्या पुढेच होता. मी विषय काढला. नॉर्म म्हणाला, ने बाबा त्याला, पण मला काय मिळणार? म्हटलं, खेळाडू देऊ. कोण?

इथे माझा अनुभव कामाला आला. म्हटलं, नाव मागाहून कळवू. मोठ्या लीगमध्ये असंच चालतं: आज माल उचलायचा, बदल्यात कोण जाणार ते पुढे सावकाश. नॉर्म म्हणाला, चालेल, नाहीतर डॉलीचा मांस भाजायचा मोठा ग्रिल दे. मी हसलो. पेपर नॅपकिनवर लिहून घेतलं, मुदत ३१ जुलै. तुपकट डाग नसलेला कोपरा शोधून दोघांनी सही केली.

चेटला दाखवलं. तो दोनदा म्हणाला, म्हणजे आपल्यातलं कुणीतरी जाणार? म्हटलं, हो, त्यालाच सौदा म्हणतात.

२२ जुलै, मंगळवार
जिंकलो! १७–९. कोरीने तीन होमरन मारले. मैदानात कुठे उभा राहणार विचारलं तर म्हणाला, मी पहिल्यापासून फर्स्ट बेसच खेळतो, काका. हे आधी विचारायचं राहून गेलं. चेटने मला आज विश्रांती दिली. शहाणा कॅप्टन सीझनच्या या टप्प्यावर अनुभवी खेळाडूंना जपतो. बाकावरून सगळी मॅच फार छान दिसते. मी बऱ्याच सूचना केल्या.

२४ जुलै, गुरुवार
सॅबोकडे कुणाला पाठवायचं याची यादी करायला बसलो. बर्नीची पाठ गेली आहे, पण सगळं सामान त्याच्या व्हॅनमधून येतं. जुळे भाऊ वेगळे करता येत नाहीत. चेट कॅप्टन. कोरी नवा. एकेकाला आठवत गेलो, प्रत्येकाचा काही ना काही उपयोग निघाला. जाण्यासारखा एकही माणूस सापडेना. थकलो.

चेटला फोन केला. म्हटलं, तुम्ही सगळे मिळून ठरवा, मला त्या रडारडीत ओढू नका. तो मग म्हणाला, लेन, नक्की ना? म्हटलं, नियम भिंतीवर आहेत, वाचा आणि ठरवा.

२९ जुलै, मंगळवार
पावसाने मॅच रद्द. चेटने सगळ्यांना बारमध्ये बोलावलं होतं, पण रोझली अडून बसली की पाऊस थांबलाय तर आजच, आत्ताच पन्हळ साफ कर. तीन आठवडे मागे लागली होती, म्हणून ऐकलं. तिने शिडी धरली. एरवी खालून शंभर चुका काढते, आज एक शब्द नाही. रात्री जेवायला भरलेली कोबी होती. माझा वाढदिवस नव्हे, ईस्टर नव्हे. विचारलं तर म्हणाली, खा मुकाट्याने.

पन्हळीत तीन सॉफ्टबॉल सापडले. पैकी एक नक्की मीच मारलेला असणार.

३१ जुलै, गुरुवार
चेट संध्याकाळी घरी आला. हातात बायकोने केलेल्या पिरोगीचा डबा. या घरात तो कधी बेल वाजवून येत नाही, आज वाजवली. बसला नाही. म्हणाला, ठरलं. म्हटलं, कोण? बर्नी? तो डब्याकडे बघत राहिला. रोझली स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तेव्हा कळलं.

मी म्हटलं, बावीस वर्षं. चेट म्हणाला, माहीत आहे मला, तुझ्या बाजूलाच होतो ना मी. मी म्हटलं, मला दहा-पाचचा हक्क आहे, दुपटीने आहे, माझ्या मर्जीशिवाय मला कुणी हलवू शकत नाही. त्याने खिशातून कागद काढला. टाचणीची भोकं होती. वाचून दाखवायला लागला, तिसऱ्या नियमाशी आला तेव्हा कागदच माझ्यापुढे धरला. खाली माझी सही, तारीख. म्हटलं, अरे ते टिलीसाठी होतं. चेट म्हणाला, टिलीची तर मुलगी इथल्या शाळेत आहे, लेन. 

जाताना म्हणाला, तुला सांगू नये पण सांगतो, आम्ही आधी ग्रिल द्यायचं म्हणत होतो. डॉलीने नाही म्हटलं.

वहीत खोटं कशाला लिहू. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रोझलीला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, मंगळवारी ते बारमध्ये ठरवत होते तेव्हा पन्हळ कशाला साफ करून घेतली तुझ्याकडून?

१ ऑगस्ट, शुक्रवार
मुदतीनंतरची स्टोकर्सची पहिली मॅच. टिली इथेच राहिला. बॅटिंगला आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, रेडिओवर कितीतरी वेळ नुसता टाळ्यांचाच आवाज.  मी स्वयंपाकघरात रेडिओसमोर उभा राहिलो. गुडघा दुखत होता तरी. तो आउट झाला. ओरडलो नाही.

टिलीला देऊ नये असं माझं खासगीत नेहमीच मत होतं.

३ ऑगस्ट, रविवार
नवा विचार. नॉर्म सॅबो मूर्ख नाही. त्याला ग्रिल मिळत नव्हता तरी सौदा मोडला नाही, म्हणजे माझ्यात त्याने काहीतरी पाहिलं. त्याच्या टीमला हात-पाय भरपूर आहेत, डोकं नाही. संकल्प: नव्या टीमला पहिल्याच दिवशी अकरा मुद्दे सांगायचे. फर्स्ट बेस आठवड्याभरात आपला.

५ ऑगस्ट, मंगळवार
सॅबोची टीम विरुद्ध डॉलीची. नॉर्मने हिरवा शर्ट दिला, पोटावर तंग. मुद्द्यांचा कागद काढला तर म्हणाला, तुझं अक्षर बरं दिसतंय, स्कोअर लिहिता येतो का? येतो. लिहिला. २१–४, डॉली. कोरीचे चार होमरन मी माझ्या हाताने मांडले. चेटने समोरून हात केला. मीही केला, पेन्सिल धरलेला. रोझली त्यांच्या बाजूला बसली होती. भाऊ आहे तिचा, बसणारच.

मॅच संपल्यावर सगळे हस्तांदोलनाला रांगेत उभे राहिले. मी शेवटी होतो. पुढच्या प्रत्येकाच्या पाठीवर नाव छापलेलं, रोमानो, केली, टकाच. माझी पाठ रिकामी असल्याचं बर्नीने हात मिळवताना सांगितलं. नॉर्मला विचारलं.

म्हणाला, बघू, मागाहून टाकू.