मागच्या सीटची डावी बाजू

प्रिय धाकटे,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन वाजला की तुझे बाबा हातातलं काम टाकून माझ्या शेजारी येऊन बसतात आणि मग हवापाण्यापलीकडे माझी गाडी जात नाही. म्हणून लिहिते आहे. पाय अजून सुजतात का? आठव्या महिन्यात जड उचलायचं नाही, हे तुला ठाऊक आहे, तरी सांगते.

गेले काही दिवस आपल्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी जुन्या गाडीची मागची सीट घरात आणून ठेवली होती. हो, तीच गाडी, ताडपत्रीखालची. वेळ आली की टॅक्सी करून दवाखान्यात जाईन, असं तू मध्यंतरी सहज म्हणालीस ना, तेव्हा ते उठले ते पक्कड घेऊनच परत आले. गंजलेल्या तारेच्या कड्या एकेक करून ओढून काढल्या, खोळ उसवली, तिचे तुकडे नव्या रेक्झिनवर ठेवून खडूने आखले. शिवायला अर्थातच माझं मशीन. पडदे शिवणारं बिचारं, ते रेक्झिन कसलं ओढतंय! सुई मोडली की माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच मोडली. या माणसाने जन्मात शर्टाचं बटण लावलेलं नाही आणि आता कडेची पायपिंग सरळ यावी म्हणून माझा जीव खात होते. मीही तोंडाचा पट्टा सोडायचे. तेवढाच घरात आवाज.

खोळ निघाली तेव्हा मी तिथेच होते. आत स्प्रिंगांवर काथ्याचा जाड थर असतो. डावीकडे तो काळा पडून कडक झाला होता. वरची खोळ आपण तेव्हा धुतली होती, तूच बादल्या भरून देत होतीस. आत मुरलेलं कुणाला दिसणार? तुझी ताई त्या बाजूला होती, डोकं माझ्या मांडीवर. दवाखाना येईपर्यंत ती आणि तिचं बाळ, दोघंही गेली होती. लवकर पोचला असतात तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी ते ऐकून घेतलं, घरी येऊन किल्ली खुंटीला लावली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. तर तो काळा काथ्या आम्ही दोघांनी पाहिला. मी चहा टाकायला गेले.

मग नवा फोम आला, त्यावर नवी खोळ चढवली. जुनं सगळं कचऱ्यात गेलं असं मी धरून चालले. आज सकाळी सीट गाडीत बसवली आणि मला बसून बघायला सांगितलं. डावी बाजू उंच लागली. तिथे खोळ ताणली जाऊन शिवणही तिरकी झाली आहे. मी हाताने चाचपलं, तर फोमखाली काहीतरी कडक. त्यांनी तो काळा काथ्या टाकलाच नाही गं. कापून, फडक्यात गुंडाळून परत आत ठेवला असणार. मापात चूक झाली असेल, म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता हातावरची धूळ पुसत राहिले. मीही म्हटलं, चालायचंच.

आता ते तुला न्यायला येणार आहेत. त्या गाडीत पाऊल टाकू नकोस, एवढंच कळवायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. मला फार भीती वाटते, धाकटे. पण मघाशी नवी बॅटरी घालून त्यांनी इतक्या वर्षांनी गाडी सुरू केली आणि तो आवाज ऐकून ‘नकोच’ असं लिहायला माझा हात धजेना. तेव्हा तूच ठरव. नाही म्हणायचं असेल तर त्यांना तू सांग, माझ्याने होणार नाही. आणि बसलीस, तर उजवीकडे बस, मी बसले होते तिथे. डावीकडे पिशवीसुद्धा ठेवू नकोस.

तुझीच,
आई