चांगल्या डोळ्यावरची पट्टी

बीरगांव, रायपूर
३ ऑगस्ट २००२

ती. आईले छायाचा जयभीम.

आम्ही बरे आहो. रायपूर राजधानी झाल्यापासून इथं डोळ्याचे मोठे डॉक्टर आले, पल्लवीले दाखवलं. अधू डोळ्याले आराम पडावा म्हणून आपण वर्षभर तोच झाकला ना, तिथंच चुकलं. झाकायचा होता चांगला. अधू डोळा वापरला तरच मेंदू पाहाले शिकते, अन् वय वाढलं की शिकणं कमी होते, म्हणे. पोट्टीले सात वर्षं पूर्ण झाली.

आता दुपारभर चांगल्या डोळ्यावर पट्टी. ती ओढून काढते, म्हणून मी दाराले कडी लावून तिचे हात धरून बसते. "मम्मी, खोलो ना," म्हणत राहाते. मलेच कोंडल्यासारखं होते.

तुझा गुडघा कसा आहे? पत्र मोठ्या अक्षरात लिही, पट्टी बांधून तिलेच वाचाले लावीन. आपलं चुकलं, ते मात्र त्यात लिहू नको.

तुझी छाया